जावई इंजिन

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी एका नव्या कारखान्यात कामाला लागलो. तिथं इंजिनाची खोली नव्हती, काचेची खोली होती. भिंतभर काटे आणि दिवे, आणि त्यांच्यासमोर खुर्ची. आम्हा जुन्या मिस्त्री लोकांना शिकवायला एक तरुण साहेब होता. त्यानं फळ्यावर एक यंत्र काढलं, शेजारी तसंच दुसरं काढलं आणि म्हणाला, याला रिडंडन्सी म्हणतात. एकानं भागत असताना जोडीला मुद्दाम ठेवलेलं दुसरं. ते बंद करून ठेवलं तर कोल्ड स्टँडबाय, चालतं ठेवून फक्त कामाला जोडलं नाही तर हॉट स्टँडबाय. मग तो सेन्सरवर आला. सेन्सर म्हणजे उष्णता ओळखणारा भाग. त्यातलं खरं भय हे की तो मेला तर मी मेलो असं सांगत नाही. गप्प बसतो, आणि आपल्याला वाटतं सगळं थंड आहे. म्हणून त्याच्याही जोडीला दुसरा पाहिजे.

बाकीचे माना डोलावत होते. माझे मात्र कान तापले. साहेबाला वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून त्यानं बिचाऱ्यानं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. आता त्याला काय सांगू, की बाबा रे, हे मी घाटंजीच्या जिनेत, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, अंगावर भोगलेलं आहे आणि त्यातला कोल्ड स्टँडबाय मीच होतो.

त्या जिनेत चाचा इंजिन चालवत. मी गाव सोडून आलो तेव्हा मला पान्हा कसा धरतात तेही माहीत नव्हतं. चाचांनी मला माणसात आणलं. मुसलमान मोहल्ल्यात त्यांचं घर, बापही मिस्त्रीच. सगळं आवार त्यांना उस्ताद म्हणे, मी एकटा चाचा म्हणत असे. काम शिकून मी पुसदला एका तेलाच्या मिलमध्ये नोकरी धरली आणि वाटलं की आता आपण कोणीतरी झालो.

छप्पन साली आपला यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हंगामात घाटंजीचं इंजिन ऐन भरात बसलं. मुख्य बेअरिंग तापून आतला धातू मेणासारखा वितळला. कापसाच्या गाड्या फाटकापासून पार सडकेपर्यंत उभ्या, बैल रवंथ करताहेत, गाडीवाले चाकाखाली झोपलेत, आणि शेवटी कंटाळून अर्ध्या गाड्या यवतमाळकडे वळल्या. जिनेचे मालक शेठजी, त्यांच्या जिवाला ते फार लागलं. त्यांनी मारेगावकडच्या एका बंद पडलेल्या जिनेतून दुसरं इंजिन उचलून आणलं, पहिल्याच्या शेजारी बसवलं आणि त्याच्यासाठी मला पुसदहून बोलावलं. माझ्या आईनं गावात साखर वाटली.

काम असं होतं: मोठं इंजिन थांबलं की पट्टा इकडून तिकडे चढवायचा आणि आपलं इंजिन सुरू करायचं. मोठं चालू आहे तोवर आपलं थंड ठेवायचं. बाजाराच्या दिवशी जिन बंद असे, तेव्हा ते एकदा फिरवून पाहायचं. बाकी दिवसभर काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही. मी पितळ घासत असे. इतकं घासलं की देवळातल्या समईनं लाजावं. पितळ संपलं की तेलाचे डबे रांगेत लावायचे, आणि ते लावून झाले की बसायचं.

आणि समोर सगळं आवार कामात बुडालेलं. रेच्यांवर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांवर, कापूस टाकणाऱ्या बाया, सरकी ओढणारे गडी, पाठीवर रुईचे बोजे घेऊन पळणारी माणसं. त्यांच्या नाकातोंडात तंतू आणि माझ्या कपड्याला डाग नाही. बायांनी आठ दिवसांत माझ्या इंजिनाचं नाव जावई पाडलं. खातं, पितं, घासूनपुसून बसतं, कामाला हात लावत नाही. मग तेच नाव माझ्यावर आलं. जेवणाची सुट्टी झाली की त्यांच्यातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणे, "जावयाले उठवा वं कोनी, ताट वाढलं." सगळ्या हसत. मीही हसत असे, पण दात ओठ खात. खायला काळ नि भुईला भार ही म्हण मला शाळेत अर्थासकट पाठ होती, ती आता रोज आठवायची.

एकदा आई काही कामानं घाटंजीला आली ती मला पाहायला जिनेत आली. बराच वेळ फाटकाशी उभी राहून पाहत होती. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुले कामावरून काढलं काय रे?" मी तिला सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि डबा माझ्यापुढं ठेवला. गावात परत गेल्यावर तिनं माझ्या नोकरीचा विषय काढणं बंद केलं, हे मला बहिणीकडून कळलं.

पण खरी शरम वेगळीच होती, आणि ती कळायला मला वेळ लागला. चाचा माझ्याशी तुटक वागत. मला वाटे की म्हातारा हेकट झालाय. मग एकदा पाणी पीत उभा असताना दोन गडी बोलताना ऐकलं, की उस्तादाच्या उरावर त्याचाच चेला आणून बसवला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शेठजींनी दुसरं इंजिन आणलं म्हणजे सगळ्या गावाला सांगितलं, की या म्हाताऱ्यावर माझा भरवसा राहिला नाही. आणि ते सांगायला रोज सकाळी डबा घेऊन मी तिथं येऊन बसत होतो. माझं बसणं हाच त्यांचा अपमान होता.

थोड्या दिवसांनी चाचांनी एक नवीन प्रकार सुरू केला. चालत्या इंजिनाचं बेअरिंग तळहात ठेवून तपासायची आमची रीत. चाचांनी मला पूर्वी त्याच्या तीन पायऱ्या शिकवल्या होत्या. निजलेल्या लेकराच्या अंगाएवढं ऊन असेल तर खुशाल चालू द्यायचं. तापलेल्या लेकराएवढं असेल तर तेल वाढवून तिथंच उभं राहायचं. तवा असेल तर इंजिन बंद. तर चाचा दिवसातून कितीदा तरी मला हाक मारत आणि सगळ्यांच्या देखत म्हणत, "ये, हात लाव. सांग काय हाये ते. शिकवलेलं याद हाये का पाह्यतो."

मला याचा संताप येई. पुसदला माझ्या हाताखाली दोन माणसं होती, आणि इथं बायांसमोर पहिलीच्या पोरासारखी परीक्षा! मला वाटलं, चाचा सूड घेताहेत. मी जात असे, हात लावत असे आणि फणकाऱ्यानं निजलेलं लेकरू म्हणून परत येत असे. कधी कधी तर हात नुसता वरच्यावर फिरवून, न लावताच सांगितलं. चाचा मान हलवत आणि तेलाची कुपी थोडी सारखी करत.

आमच्यात एक गोष्ट मात्र जुनीच राहिली होती, ती म्हणजे चहा. आवारात हिंदूंचे कप वेगळ्या खिळ्यांना आणि मुसलमानांचे वेगळ्या खिळ्यांना टांगलेले असत. इंजिनाच्या खोलीत ते चालत नसे. चाचा शेगडीवर चहा करत, एका कपात ओतत, त्यातला अर्धा बशीत मला देत आणि उरलेला कपातून स्वतः पीत. पुढच्या वेळी कप माझा आणि बशी त्यांची. शिकत होतो तेव्हापासून असंच चाललेलं. परीक्षेवरून धुसफूस झाली तरी चहाच्या वेळी मी त्यांच्या बाजूला जाऊन बसत असे, आणि थोडा वेळ सगळं पहिल्यासारखं वाटे.

एका दुपारी असाच बशी हातात घेऊन बसलो होतो. चाचा तेलाची कुपी घ्यायला वाकले आणि आधारासाठी त्यांनी हात धुराच्या नळीवर टेकला. ती नळी म्हणजे भाकर भाजून निघेल अशी. मला वाटलं, हात झटकतील. त्यांनी झटकला नाही. हात तिथंच ठेवून ते माझ्याशी शेठजींच्या नव्या घोडागाडीबद्दल बोलत राहिले. मग मला वास आला. मी बशी टाकली आणि त्यांचा हात ओढून बाजूला केला.

तळहाताची कातडी पांढरी पडून सुटली होती. त्यांनी हाताकडं पाहिलंच नाही. आधी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कोनी पाह्यलं काय?"

मी नाही म्हणालो. त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं, खाली बसले आणि मग हळूहळू सगळं सांगितलं. दीड-दोन वर्षांपासून दोन्ही तळव्यांना काही कळत नव्हतं. मागच्या वेळी बेअरिंग वितळलं ते त्यामुळंच. त्यांनी हात लावला होता, पुन्हा पुन्हा लावला होता, आणि हाताला ते थंड वाटलं होतं. यवतमाळच्या डॉक्टरनं सुया टोचून पाहिल्या आणि साखरेचा आजार आहे, दुसरं काही नाही, असं सांगितलं. पण आमच्या भागात हात बधिर झाला म्हटलं की लोकांच्या तोंडी एकच नाव येई, महारोग. डॉक्टरचं कोण ऐकतो? चाचांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पुसदला बोलणी चालली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर त्यांना झाकल्याशिवाय इलाज नव्हता.

म्हणजे ती परीक्षा नव्हतीच. त्यांना माझा हात हवा होता, आणि उस्तादानं चेल्याजवळ हात मागायचा तर तो दुसऱ्या कोणत्या तोंडानं मागणार? आणि मी फणकाऱ्यात, न लावताच, निजलेलं लेकरू म्हणून सांगत होतो! आत रेच्यांवर चाळीस-पन्नास बाया, चहूकडं रुई. बेअरिंग पेटून एक ठिणगी उडाली असती तर फाटकापर्यंत पळायलाही वेळ मिळाला नसता.

मी चाचांना शब्द दिला की कोणाला कळणार नाही. तिथून पुढं मी खरोखरीचा त्यांचा हात झालो. ते ओरडून हाक मारायचे, "ये, याद हाये का पाह्यतो," आणि मी तोंड वाकडं करत जायचो, म्हणजे बायांना संशय नको. हात नीट ठेवायचो, थांबायचो आणि काय आहे ते खरं सांगायचो. इंजिन असं चाललं की विचारू नका. जावई इंजिन थंडच राहिलं, पण जावई कामाला लागला होता. हॉट स्टँडबाय म्हणजे काय, हे मला त्या साहेबाच्या आधी असं कळलं होतं.

इथं थांबलो असतो तर माझी गोष्ट चांगली झाली असती.

चाचांचा हात भाजला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी घरून पितळेचा पेला घेऊन गेलो.

का नेला, याचं उत्तर मी स्वतःलाही कधी धड दिलं नाही. डॉक्टरवर माझा विश्वास होता. साखरेच्या आजारानं हात बधिर होतात, हे मला पटलं होतं. घरी बायकोपोर होतं, ही सबब मी मनाशी पुष्कळ घोळवली. पण पेला पिशवीत टाकताना माझ्या मनात पोर नव्हतं, तो पांढरा पडलेला तळहात होता. चहाच्या वेळी मी पेला पुढं केला आणि म्हणालो, बशीत सांडतं. चाचांनी पेल्याकडं पाहिलं. मग किटली उंच धरली आणि चोच पेल्याला लागणार नाही अशी धार सोडली. त्यानंतर रोज तसंच. कप-बशी त्यांनी एका कोपऱ्यात ठेवून दिली. जिनेचा हिशेब पाहणाऱ्या दिवाणजींनी माझा पेला पाहिला आणि त्यांना वाटलं, गड्याला उशिरा का होईना आपला धर्म कळला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप चाचांनी पाहिली, आणि पेला धर्मापायी आणलेला नाही हे माझ्याखेरीज त्यांना एकट्यालाच माहीत होतं. त्यांच्या समोर मान वर करायची मला लाज वाटू लागली. तरीही दुसऱ्या दिवशी पिशवीत पेला असायचाच.

हंगाम संपला. शेवटच्या दिवशी शेठजी आले. सगळ्यांना आवारात उभं केलं, चाचांच्या हातून पेढे वाटवले. म्हणाले की या वर्षी मोठं इंजिन एकदाही बसलं नाही, उस्तादांनी कमाल केली. मग माझ्याकडं वळून, अगदी गोड आवाजात म्हणाले, की मग हे दुसरं कशाला पोसायचं? इंजिनाला गिऱ्हाईक आलं आहे, आणि तुला काय, पुसदला काम मिळेलच.

बाया हसल्या नाहीत. ती म्हातारी तर माझ्याकडं पाहून चुकचुकली. मी चाचांकडं पाहिलं नाही, जमिनीकडं पाहत राहिलो. मी शब्द दिला होता, तेव्हा मी काही बोलणार नव्हतो. पण खरं सांगतो, चाचांनी बोलावं असं मला वाटत होतं. ते बोलावेत म्हणूनच मी इतका गप्प होतो.

चाचा पुढं झाले. आवाज चढवला नाही.

"शेठ, इंजिन इका पाह्यजे तर. पन मानूस हा ठेवा. माह्या हाताले आता समजत नाही. सारा हंगाम यानंच हात लावला." त्यांनी तळहात उघडून सगळ्यांना दिसेल असा धरला. जखमेचा वण होता. "अंदर बाया असते, शेठ. उद्या काई झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?"

पुढच्या रांगेतल्या बाया थोड्या मागं सरकल्या. जी म्हातारी माझ्यासाठी चुकचुकली होती, तिनं हातातला पेढा पदराच्या टोकात गुंडाळला, कारण पेढे चाचांच्या हातून वाटले गेले होते. शेठजी चाचांच्या इमानाबद्दल बरंच काही चांगलं बोलले, पण उभे होते तिथून एक पाऊल मागं जाऊन. आणि माझ्या मनात, हे सगळं डोळ्यांसमोर घडत असताना, सगळ्यात आधी काय आलं? नोकरी राहिली. मला आनंद झाला. तो जेमतेम एक श्वासभर टिकला असेल, पण आधी तोच आला.

दिवाणजींनी मला मोठ्या इंजिनाच्या मुठी आणि चाकं घासलेटनं पुसायला सांगितली. का, ते सांगायची गरज नव्हती. चाचा खोलीच्या कोपऱ्यात आपल्या हत्यारांची पिशवी भरत होते. मी पुसत होतो. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले की मागच्या बाजूलाही पूस, तिथं तेल साचते.

पुसदचं स्थळ मोडलं. मुलीचं लग्न पुढं लांब कुठं तरी झालं. जावई इंजिन विकलं गेलं नाही, गिऱ्हाईकच फिरलं. मी मोठ्या इंजिनाचा ड्रायव्हर झालो, आणि बाजाराच्या दिवशी दुसरं फिरवून पाहायचं कामही माझ्याकडंच राहिलं.

त्या दिवशी जिनेत कोणी नसे. चाचा बाजार करून यायचे आणि माझ्या जुन्या पेटीवर बसायचे. मी जावई सुरू करायचो, थोडं तापू द्यायचो आणि म्हणायचो, "चाचा, जरा हात लावून पाहा." ते उठायचे, बेअरिंगवर तळहात ठेवायचे, डोळे मिटून थांबायचे. मग म्हणायचे, "निजलेलं लेकरू." मी मान हलवायचो. त्यांना काही कळलेलं नसे, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मग चहा व्हायचा. ते पिशवीतून स्वतःचा ॲल्युमिनियमचा पेला काढायचे. मी कधी म्हटलं नव्हतं की आणा. आणू नका असंही म्हटलं नव्हतं. मी किटली धरायचो आणि ओतायचो.

ते फाटकाबाहेर गेले की मी परत येऊन बेअरिंगला हात लावून पाहत असे.

एका बाजाराच्या दिवशी असाच हात ठेवून उभा होतो, आणि पाठीमागं पाऊल वाजलं. चाचा पेला पेटीवर विसरले होते, तो घ्यायला परतले होते. माझा हात बेअरिंगवरच होता. तो काढावा की ठेवावा, मला सुचेना. चाचांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि मायेनं म्हणाले, "दोनदा पाह्यलेलं बरं असते, बेटा."

मग त्यांनी पेला उचलला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पिशवीत टाकला. राहू द्या इथंच, एवढं मला म्हणता आलं असतं. कप-बशी अजून त्याच कोपऱ्यात होती. ते फाटकातून बाहेर पडून बाजाराच्या गर्दीत दिसेनासे होईपर्यंत मी तसाच उभा राहिलो, आणि म्हटलं नाही.